बिनखड्याची राख

तुरीची रास घरात आली त्या दिवशी रामकिशननं ओट्यावर बसून हातपाय धुतले, पंच्यानं तोंड पुसलं आणि सुनेला विचारलं, "मग? काड्याची पीएच्डी कवापास्नं?"

"उद्यापास्नं, मामा," उज्वला म्हणाली.

"किती लागतेत म्हणालीस?"

"सहा गाड्या. खडखडीत वाळलेल्या."

रामकिशन हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं. दहा एकराचा मालक, चावडीवर चार लोकांत बसणारा माणूस. पण सून नांदेडच्या विद्यापीठात चार वर्षांपासून तुराट्या जाळायचं शिकती, हे सांगताना त्याला दरवेळी घसा खाकरावा लागायचा. "लोक तूर इकतेत," तो बायकोला म्हणाला. "आपुन काड्या इकाव्या म्हणतो."

साखराबाई चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "इकत न्हाई ती. जाळती."

उज्वलाचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांचे बॉयलर कोळशावर चालतात. त्या कोळशात शेतातल्या काड्या मिसळून जाळता येतील का, किती येतील, आणि त्यानं बॉयलरचं काय होईल, एवढंच तिला शोधायचं होतं. विद्यापीठातल्या डब्याएवढ्या भट्टीत तिनं शंभरदा जाळून बघितलं होतं. डब्याएवढ्या भट्टीवर प्रबंध होत नाही, असं सर म्हणाले. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. "खऱ्या बॉयलरच्या नोंदी आणा, उज्वलाबाई. एक दिवसाच्या आणा. मी जाण्याआधी आणा."

उदगीरच्या एका तेलगिरणीचे मालक बसलिंगप्पा यांनी ओळखीखातर एक दिवस दिला होता. महाशिवरात्र झाल्यावरचा सोमवार. त्याआधी तुराट्यांची कुट्टी करून ठेवायची होती.

माळेवाडी उदगीर-देगलूर रस्त्याला लागून. लाईट सकाळी दहा ते दोन. तेवढ्या वेळात कडबा कापायच्या यंत्रावर तुराट्या कापायच्या, लाईट गेली की चाक हातानं फिरवायचं. कडबा मऊ असतो, तुराटी लाकडासारखी. दर दहा-बारा पेंड्यांना पातं बोथट व्हायचं. रामकिशन कानस घेऊन बसायचा आणि पात्याला धार लावता लावता म्हणायचा, "ज्वारीच्या कडब्याला हेच पातं दोन महिने जात होतं." साखराबाई पेंडी सारायची, उज्वला चाक ओढायची. तिसऱ्या दिवशी तिच्या तळहातावरचे फोड फुटले. तिनं चिंधी बांधली. कुट्टीचा धुरळा नाकात, केसांत, पोलक्याच्या आत जायचा आणि अंगाला खाज सुटायची.

चौथ्या दिवशी शिवगंगा आली. शेजारच्या गल्लीतली, हंगामभर ह्यांच्याच शेतात तूर उपटायला होती. यंत्राजवळ उभी राहून तिनं पदर कमरेला खोचला.

"साखरामाय, आमचे भारे कुटं हायत?"

साखराबाईनं पेंडी खाली ठेवली. तूर उपटून झाली की मजुरी करणाऱ्या बाया दोन-दोन भारे घरी नेत. ती कोणी ठरवलेली गोष्ट नव्हती. पावसाळ्यातली चूल त्याच्यावर चालायची.

उज्वला म्हणाली, "शिवगंगामावशी, यंदा मला जास्ती लागायलेत. तुमाला दुसरं सरपण..."

"दुसरं कुटलं? दुकानात मिळतंय का?" शिवगंगानं कुट्टीच्या ढिगाकडं हात केला. "आमच्या चुली तू कापून ठेवलीस की, बाई. शिकलेल्या बाईला चुलीचं काय!"

उज्वला रोज सकाळी त्याच चुलीवर दहा-बारा भाकरी थापायची. हे बोलणं तिला चांगलंच लागलं. पण शिवगंगाचं बरोबर होतं.

"ने," साखराबाई म्हणाली. "चार घरचे आठ भारे होतेत. समदे ने."

सहा गाड्यांच्या पाचच राहिल्या. संध्याकाळी उज्वलानं वही काढली आणि तक्त्याच्या वर नवीन ओळ लिहिली: चुलीचं सरपण आधी वजा करणे. चार वर्षांच्या हिशेबात हा आकडा तिनं धरलाच नव्हता.

सोमवारी ट्रॅक्टरमध्ये दीड गाडीची पोती भरून ती उदगीरला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. गिरणीच्या मागच्या अंगाला बॉयलरची शेड. तिथं नासिरचाचा उभे होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, भुवया जळून विरळ झालेल्या. तीस वर्षं आगीसमोर काढलेली. त्यांचे वडीलही निजामाच्या काळात जिनिंगच्या बॉयलरवर होते.

"आव बेटी," ते म्हणाले. त्यांनी पोत्यात हात घालून मूठभर कुट्टी काढली, कानाशी नेऊन चुरगळली. "सुकी है. जळंल मस्त."

वजनानं पाच भागांत एक भाग कुट्टी आणि चार भाग कोळसा. कुट्टी हलकी, त्यामुळं फरशीवर मिसळलेला ढीग बघितला तर निम्मा कोळसा, निम्म्या काड्या दिसायच्या. नासिरचाचांनी दार उघडलं. आतली लाल झळ उज्वलाच्या तोंडावर आली. पहिलं फावडं आत गेलं आणि काड्यांनी असा भडका धरला की तिनं एक पाऊल मागं घेतलं आणि मग मोठ्यानं हसली. वाफेच्या दाबाचा काटा नऊवर होता. नऊवरच राहिला. ती दर दहा मिनिटांनी लिहीत होती आणि तिचं अक्षर दर ओळीला मोठं होत होतं.

तिसऱ्या तासाला नासिरचाचा दारातून आत बघत थांबले.

"काय झालं चाचा?"

"आग बीमार दिसती. खालून हवा येत न्हाई."

त्यांनी लांब पहार आत सारली. पहार आत रुतली नाही. ठण्णकन आवाज झाला. जाळीवर राख वितळून, पसरून, कोळशाला चिकटून काळ्या काचेसारखा थर धरला होता. खंगर. काटा आठवर आला, सातवर आला. नासिरचाचा दोन्ही हातांनी पहार आपटत होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. उज्वला दुसरी पहार घेऊन पुढं झाली. ठिणग्या उडाल्या आणि साडीच्या निऱ्यांना पाच-सहा भोकं पडली. काटा पाचवर आला तेव्हा पलीकडं तेलाचे घाणे एकेक करून थांबले. गिरणीत एवढी शांतता झाली की बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

बसलिंगप्पा धोतराचा सोगा धरून आले. त्यांनी उज्वलाकडं न बघता नासिरचाचांना विचारलं, "माझा घाणा कोण बंद पाडला?"

"राख चिकटली, मालक."

मग ते उज्वलाकडं वळले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. "ताई, तुमचा अभ्यास मोठा आसंल. पर माझं बॉयलर म्हणजे शाळा न्हाई. तुमचा पाला घेऊन जावा."

दाराशी जमलेल्या हमालांतला एक जण म्हणाला, "चहा तरी करून घ्या त्याच्यावर." बाकीचे हसले.

खंगर फोडायला दोन तास लागले. उज्वला शेवटपर्यंत थांबली. निघताना तिनं खंगराचा मुठीएवढा तुकडा गार करून पिशवीत टाकला. नासिरचाचा फाटकापर्यंत आले. "आग को किसी ने कुछ खिलाया है, बेटी," ते म्हणाले. "जे वितळायलं ते लाकूड न्हाई. त्याच्यातलं मीठ हाय कायतरी. ते धर."

ते मीठ म्हणजे पोटॅश, हे तिला माहीत होतं. ते काड्यांतून काढायचं कसं, हे माहीत नव्हतं.

रविवारी वैजनाथ आला. तिचा नवरा लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. पहाटे पाचची पहिली बॅच, रात्री नऊला शेवटची. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊन पडली होती. भूकंपानंतर ज्यांची घरं नव्यानं उभी राहिली, ते लोक त्याच घरांच्या वरच्या मजल्यावर पोरांना खोल्या देत होते. वैजनाथच्या क्लासमध्ये आता दोनशे पोरांची एक बॅच बसायची आणि तो माईकवर शिकवायचा. घरी आला तरी त्याचा आवाज बसलेला असायचा.

त्यानं खंगराचा तुकडा हातात घेऊन फिरवला. "कसला जड हाय," तो म्हणाला. मग तो खाली ठेवून, "क्लासचे सर परत विचारायलेत. केमिस्ट्रीला माणूस न्हाई. तुला जूनपास्नं ये म्हणतेत."

"माहीत हाय."

"उज्वला, तू हरलीस म्हणून म्हणत न्हाई मी. दोन वर्षं झाले, तू हितं, मी तितं. मी रोज आलेल्या पोरांना मोटार, चाक, आग समजावून सांगतो आणि खोलीवर जाऊन एकटा भात खातो."

तिला त्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. "पाडव्यापर्यंत सांगते," ती म्हणाली. पाडव्याला सोळा दिवस होते.

तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. भूकंपात मागची खोली पडली तेव्हा सरकारी मदतीत मिळालेले पत्रे अंगणात कुट्टीच्या ढिगावर ठेवून वर दगड ठेवले होते. वाऱ्यानं दगडासकट पत्रे उचलले. एक पत्रा भिरभिरत जाऊन शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडला. गारा आल्या, मग दोन तास सरळ पाऊस. करडई काढून झाली होती म्हणून रामकिशन वाचला, पण गावात गव्हाचं नुकसान झालं. उज्वला दारात उभी राहून बघत राहिली. साडेतीन गाड्यांची कुट्टी भिजत होती आणि ढिगाखालून चहासारखं तपकिरी पाणी ओघळून नालीला लागत होतं.

"गेलं," रामकिशन म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं काड्यांच्या बाबतीत थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दाताळं घेतलं आणि कुट्टी अंगणभर पसरली. काही उपयोग होईल म्हणून नव्हे, सडून घाण नको म्हणून. साखराबाई बरोबरीनं उलथत होती. तीन दिवस ऊन कडक पडलं. चौथ्या दिवशी साखराबाईनं दोन टोपल्या घरात नेल्या. "जाळून टाकते. तुला काय कामाची न्हाई आता."

दोन दिवसांनी सकाळी उज्वला नांदेडला सरांना पत्र लिहायला बसली होती. न्हाणीजवळून साखराबाईची कुरकुर ऐकू आली. ती भाकरीचा तवा आणि काळं झालेलं पातेलं राखेनं घासत होती, नारळाची शेंडी पुन्हा पुन्हा राखेत बुडवत होती.

"मेली ही राख," ती म्हणाली. "काळं निघंना का तेलकट निघंना."

"भिजली आसंल," उज्वला कागदावरून मान न उचलता म्हणाली.

"राख कशाची भिजतीय? काड्या भिजल्या होत्या. अवकाळीत भिजलेल्या तुराट्याची राख आशीच. भांड्याला चालतच न्हाई. माझी सासू बी असल्या सालात दुसऱ्याकडून राख मागून आणायची." ती थोडी थांबली. "एक बरं आसतंय. चुलीत खडा धरत न्हाई. एरवी रोज सकाळी उलथण्यानं खडे खरवडून काढावं लागतेत. आता दोन दिवस झाले, फुंकर मारली की चूल साफ."

उज्वला उठली. पेन खाली पडलं. "आत्याबाई, परत सांगा."

"काय?"

"खड्याचं."

"चुलीत खडा धरत न्हाई म्हणलं. काय झालं ग? आसं काय बघायलीस?"

राखेनं भांडी निघतात ती राखेतल्या पोटॅशनं. भांडी निघत नसतील तर पोटॅश नाही. पोटॅश नसेल तर राख वितळत नाही, आणि राख वितळली नाही तर खंगर धरत नाही. आणि चहासारखं ते पाणी! पावसानं पोटॅश त्यातूनच धुऊन नेलं होतं. ती अंगणात पळाली, परत आली, पुन्हा पळाली. "आत्याबाई, जुनी राख हाय का? पावसाआधीची?"

"गौऱ्याच्या कोपऱ्यात मडकं भरून हाय. आगं पर..."

उज्वलानं दोन वाट्या घेतल्या. एकीत जुनी राख, एकीत नवी, दोन्हींत पाणी. निवळ वर येईपर्यंत तिला दम धरवेना. तोवर एका पांढऱ्या चिंधीला हळद लावली. जुन्या राखेच्या पाण्याचा थेंब हळदीवर पडला आणि कुंकवाच्या बोटासारखा लालभडक डाग उठला. नव्या राखेचा थेंब जेमतेम नारिंगी झाला.

"हळदीला राख लागली की लाल होतीच," साखराबाई म्हणाली. "त्याच्यात काय?"

"किती लाल होती, त्याच्यात समदं हाय!" उज्वलानं सासूचे ओले, राखेनं माखलेले दोन्ही हात धरले आणि ती तिथंच न्हाणीजवळ नाचायला लागली. रामकिशन गोठ्यातून आला. "काय झालं? इंचू चावला का?"

दुपारच्या गाडीनं ती नांदेडला गेली. मांडीवर दोन पुड्या राख. बाजूच्या बाईनं विचारलं, कोण वारलं? उज्वलाला हसू आवरेना आणि ती बाई सरकून बसली.

विद्यापीठात तिनं दोन्ही राखांचे बोटाएवढे शंकू दाबून भट्टीत शेजारी शेजारी ठेवले आणि भट्टी तापवत नेली. हजार अंशांच्या जरा पुढं जुन्या राखेचा शंकू खांदे पाडून बसला, मग गुळासारखा पसरला. नवा उभा. अकराशे, उभा. साडेअकराशे, उभा. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा छिद्रातून आत बघितलं. नव्या राखेतलं पोटॅश मोजलं तर जुनीच्या एक तृतीयांशावर आलेलं.

"कोणी सुचवलं हे?" त्यांनी विचारलं.

"सासूनं."

"कुठं असतात त्या?"

"माळेवाडीत. भांडी घासायलेत," उज्वला म्हणाली. दोघंही हसायला लागले.

पण बॉयलर कुठला आणायचा? ती परत येताना उदगीरला उतरली आणि सरळ नासिरचाचांच्या घरी गेली. चाची सालेहा दारात सुपारी कातरत बसली होती. तिनं आत बोलावून पाणी दिलं. नासिरचाचांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही पुड्यांतली राख बोटांत चोळली.

"मालक कोळशाच्या काळजीत हाय," ते म्हणाले. "गाडी रस्त्यात अटकली. तीन दिवसाचा कोळसा हाय आणि करडईनं गोदाम भरलंय." ते उठले, रुमाल बांधला. "चल."

"आत्ता?" सालेहा म्हणाली. "मागच्या बारीला नोकरी जाता जाता राहिली. जुमा है, आराम तो कर."

"आग का काम है, सालेहा. गरम हाय तवर."

बसलिंगप्पांनी आधी हात जोडून नको म्हटलं. उज्वला काही बोलायच्या आत नासिरचाचा म्हणाले, "मालक, एक पाळी द्या. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. काटा सातच्या खाली आला तर मी पहार ठेवून घरी जातो. परत येत न्हाई."

बसलिंगप्पांनी त्याच्याकडं बघितलं. तीस वर्षांत नासिरनं आगीबद्दल कधी खोटं बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. "सोमवारी," ते म्हणाले. "आणि ताई, घाणा थांबला तर मी ऐकून घेणार न्हाई."

रविवारी पोती भरताना शिवगंगा तीन बाया घेऊन आली आणि न विचारता पोती धरायला लागली. "आमचे आठ भारे बी भिजले," ती म्हणाली. "लागत आसतील तर सांग. चुलीला मागनं बघू." उज्वलानं मान हलवली. लागत नव्हते. तिनं पुढचं पोतं शिवगंगाकडं सारलं.

सोमवारी पहाटे ट्रॅक्टरवर पोत्यांच्या वर साखराबाई चढून बसली. "मला बगायचंय," एवढंच म्हणाली. रामकिशन ट्रॅक्टरच्या चाकाशी उभा होता. "मी बी आलो आस्तो," तो म्हणाला, "पर म्हशीला कोण बघणार?"

सहाला नासिरचाचांनी बिस्मिल्ला म्हणून दार उघडलं. पाच भागांत एक भाग. काटा नऊ. सात वाजले, आठ वाजले. उज्वला लिहीत होती आणि तिचे कान पहारीच्या आवाजाकडं होते. मागच्या वेळी नऊच्या सुमाराला आग बसली होती. नऊ वाजायला दहा मिनिटं असताना नासिरचाचांनी पहार उचलली. पहार आत गेली आणि पिठात जावी तशी थेट जाळीपर्यंत उतरली. खालून राख भुरभुर सांडली.

चाचांनी पहार बाहेर काढली, तिच्या टोकाकडं बघितलं. स्वच्छ होती. "माशाल्ला," ते पुटपुटले. मग पुन्हा सारली, डावीकडं, उजवीकडं, मागं. आणि एकदम ओरडले, "कुछ नै है! बेटी, कुछ बी नै है!"

हमालांतल्या ज्यानं चहाची थट्टा केली होती, तोच आता घमेलं उचलून कुट्टी आणायला धावला.

दुपारी जेवण झाल्यावर उज्वलाला राहवेना. "चाचा, वाढवायचं का? तीनात एक?"

नासिरचाचा दाढी खाजवत राहिले. त्यांनी जी बोली लावली होती ती तिला आठवली आणि ती म्हणाली, "न्हाई, राहू द्या. तुमची नोकरी..."

"तीस साल एकच आग बघितली मी," ते म्हणाले. "आता नवी दिसायली. टाक."

तीनात एक. पहिला पाऊण तास ठीक. मग काटा साडेआठ झाला, आठ झाला. चाचा बदलीच्या माणसाला दार देऊन घाम पुसत होते, ते परत धावले. काटा साडेसातवर आला. बसलिंगप्पा शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

तेवढ्यात साखराबाई बाहेरून आली. ती सकाळपासून बाभळीखाली बसून धुराड्याकडं बघत होती. "काळा धूर निघायलाय," ती म्हणाली. "चूल कोंबलीया कुणीतरी."

ती आणखी पुढं आली, सरळ दारासमोर, झळ लागून डोळे बारीक करत. "हे बगा! ढीग घातलाय निसता. काडी आशी जळत आस्ती का? पातळ पसरा. थोडं थोडं, सारखं सारखं. भाकरी करताना कशी सारतो आपुन, तशी."

नासिरचाचांनी फावडं बदलीच्या माणसाच्या हातातून घेतलं. "अम्मा सही बोल्ली," ते म्हणाले. आतला ढीग त्यांनी त्याच फावड्यानं पसरवला आणि मग अर्धं अर्धं फावडं, डावीकडं, उजवीकडं, हातभर अंतरानं टाकायला सुरुवात केली. साखराबाई बाजूला उभी राहून "हां... आता तिकडं... हां" म्हणत राहिली. काटा साडेसातवर थरथरत होता. पावणेआठ. आठ. बाहेरून कोणीतरी ओरडलं की धूर पांढरा झाला. साडेआठ. नऊ.

त्यानंतर काटा हलला नाही. चार वाजले, पाच वाजले. घाण्यांचा घरघराट अखंड चालू होता. बसलिंगप्पांनी स्वतः चहा मागवला, पहिली कपबशी साखराबाईला दिली आणि तिच्या शेजारी दगडावर बसले. "माय, असल्या काड्या किती मिळतील तुमच्याकडं?"

"आधी गावाच्या चुली," साखराबाई म्हणाली. "मग तुमचं बॉयलर. आन तेबी पाऊस पडला तर."

बसलिंगप्पा विचारात पडले. "हौदात भिजवून चालतंय का?"

उज्वलाच्या डोक्यात तोच प्रश्न सकाळपासून घोळत होता. किती पाणी, किती वेळ, ते पाणी परत शेतात सोडता येईल का? पोटॅश म्हणजे खतच की. तिनं वहीत नवीन पान काढलं. एका प्रबंधाला पुरून उरेल एवढं काम त्या एका पानावर पंधरा मिनिटांत मावलं.

सहाला पाळी बदलली. बारा तास, एकदाही पहार आपटावी लागली नाही. नासिरचाचांनी हात धुतले, रुमाल सोडून झटकला आणि उज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांच्याही तोंडावर काजळीशिवाय काही दिसत नव्हतं.

गिरणीसमोर एसटीडीचा बूथ होता. उज्वलानं लातूरला क्लासचा नंबर लावला. वैजनाथला बॅचमधून बोलावून आणेपर्यंत तिनं फोनची वायर बोटाभोवती चार वेळा गुंडाळली.

"हॅलो? काय झालं? घरी ठीक हाय ना?"

"वैजनाथ, बारा तास! सहा तास पाचात एक, मग तीनात एक! काटा नऊ! मधी साडेसात झाला होता, पर मग..."

"हळू सांग. थांब, लिहून घेतो."

"कशाला लिहायलास?"

"मग काय करू? बॅच सोडून आलोय, हातात खडू हाय. भिंतीवर लिहायलो." त्याच्या बसलेल्या आवाजात हसू होतं. मग तो एकदम थांबला. "खंगर?"

"एक बी न्हाई."

पलीकडं लांबून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मग मी सरांना आजच सांगतो," वैजनाथ म्हणाला. "केमिस्ट्रीला दुसरं कोणतरी बघा म्हणून."

"तू एकटाच भात खाणार मग?"

"एक वर्ष खातो. रविवारी तू मला आग दाखव."

तिच्या पाठीमागं बूथमध्ये घुसलेल्या साखराबाईनं तिच्या हातातून फोन घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला आणि लातूरपर्यंत आपला आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे अशा जोरात ओरडली, "वैज्या! म्या बॉयलर बगितलं रे! काय न्हाई त्याच्यात. चूलच हाय, निसती मोठी हाय!"